दुसरी पाळी

माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. पाळ्या फिरत्या असायच्या, तरी माझ्या आठवणीत ते कायम दुसऱ्या पाळीलाच असतात. दुपारी साडेतीनला खात्यात, रात्री बाराला बाहेर. आम्ही शाळेतून यायच्या आत ते गेलेले असत आणि ते परतत तेव्हा आम्ही झोपलेले. मध्यरात्री कधी जाग आली तर ताटावरचं झाकण उचलल्याचा आवाज यायचा. मग कुणाची झोप मोडू नये म्हणून जपून, जवळजवळ चोरून जेवणाऱ्या माणसाचा आवाज. पहिल्या पाळीवाल्याला घर मिळतं, रातपाळीवाल्याची निदान लोक कीव तरी करतात, दुसऱ्या पाळीवाल्याच्या वाट्याला काहीच येत नाही, असं आई म्हणायची.

हे सगळं एकदम वर आलं ते २००९ साली, केरळातल्या पट्टांबी गावात, एका कादंबरीच्या नावाचा अर्थ विचारताना.

बँकेत प्रमोशन घेतलं की लांबची बदली ठरलेलीच. मला पट्टांबी मिळालं. घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या. केरळात शिक्षिकेला अख्खं गाव ‘टीचर’ म्हणतं, मीही म्हणू लागलो. त्यांनी मला महिनाभर ‘सार’ म्हटलं आणि नंतर ‘मोने’, म्हणजे बाळा, यावर आल्या. संध्याकाळी कट्टन चाया, म्हणजे बिनदुधाचा चहा घेऊन मी त्यांच्या ओसरीवर अक्षरं गिरवायला बसायचो. मराठी माणसाला ‘ळ’ येतो याचा मला फार अभिमान होता. तो पहिल्याच आठवड्यात उतरला. मल्याळममध्ये आपल्या ‘ळ’च्या पलीकडे आणखी एक अक्षर आहे. जीभ टाळ्याला लागता लागता राहते आणि आवाज तिथेच विरघळतो. नदीला ‘पुळा’ आणि पावसाला ‘मळा’ म्हणताना तोच आवाज लागतो. मी ‘मळा’ म्हटलं की टीचरांना पदराआड हसू यायचं. माझा तो भाजीचा मळाच राहिला, पाऊस कधी झाला नाही.

त्यांच्या कपाटात एक जाडजूड, दोऱ्याने शिवलेलं बाड होतं. वर निळ्या शाईत नाव: ‘रण्डामूळम’. मराठी माणसाने हे नाव चारचौघांत मोठ्याने घ्यायची सोय नाही, म्हणून आधी अर्थ विचारला. ‘रण्डाम’ म्हणजे दुसरा. आणि ‘ऊळम’? टीचरांनी उठून विहिरीवर घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईचा अभिनय केला. पुढचीचं झालं, आता हिचं. “टर्न,” त्या म्हणाल्या.

“पाळी,” मी म्हणालो.

दुसरी पाळी. लेखक एम. टी. वासुदेवन नायर. केरळात नुसतं ‘एम.टी.’ म्हटलं की पुरतं.

खरं तर त्यांची माझी गाठ त्याआधीच पडली होती, नाव मात्र माहीत नव्हतं. ऐंशीच्या दशकात रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक चित्रपट लागायचा. आमच्या मजल्यावर टीव्ही दोनच घरी. रविवार वडिलांच्या सुट्टीचा, त्यामुळे बंगाली म्हणू नका, कन्नड म्हणू नका, जे लागेल ते आम्ही दाराशी बसून बघायचो. खाली इंग्रजी अक्षरं यायची, त्यातली निम्मी पांढऱ्या धोतरावर आल्यामुळे दिसायचीच नाहीत. अशाच एका दुपारी लाल वस्त्र नेसलेला, केस मोकळे सोडलेला, हातात वाकड्या पात्याची तलवार घेतलेला एक माणूस दिसला. देवी त्याच्या अंगात येते. आपल्याकडचा पोतराज आणि भगत एकत्र केले तर जवळपास तसा. पण देवळात आता कुणी फिरकत नाही, नैवेद्याला तांदूळ नाहीत, घरी चूल पेटत नाही. मुलगा ती देवीची तलवारच भंगारात विकायला काढतो. मग गावात देवी येते, म्हणजे रोग, आणि घाबरलेले लोक पुन्हा देवळाकडे वळतात. उत्सव ठरतो. हा माणूस आनंदून घरी जातो, तर ज्या दुकानदाराची उधारी थकली आहे तोच त्याच्या घरातून बाहेर पडताना दिसतो. शेवटी उत्सवात तो नाच नाच नाचतो, तलवारीने कपाळ फोडून घेतो आणि तोंडात आलेलं रक्त देवीच्या मूर्तीवर थुंकून खाली कोसळतो.

खोलीतल्या म्हाताऱ्या बायका ‘शिव शिव’ करत उठल्या. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. जिना चढताना म्हणाले, “त्याची गिरणी बंद पडली रे.”

संप होऊन गेला होता. आमची गिरणी रखडत का होईना, चालू होती.

तो चित्रपट ‘निर्माल्यम’, हे मला पट्टांबीत कळलं. १९७३ साली एम.टीं.नी स्वतःच्याच एका कथेवरून तो लिहिला आणि दिग्दर्शनात पहिल्यांदाच हात घालून काढला. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि त्या अंगात येणाऱ्या माणसाची भूमिका करणाऱ्या पी. जे. अँटनींना अभिनयाचा. नाव कळलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. हा शब्द आपल्याला कुणी समजावून द्यायची गरज नाही. काल देवाच्या डोक्यावर होतं ते फूल, आज टोपलीत.

एम.टी. जन्मले १५ जुलै १९३३ रोजी, कूडल्लूर नावाच्या खेड्यात. पट्टांबीहून बसने सहज जाता येतं. नदीचं पुस्तकातलं नाव भारतप्पुळा, मायेचं नाव निळा. कूडल्लूरजवळ तिला तूतप्पुळा येऊन मिळते आणि पलीकडच्या काठाने कोझिकोडहून शोरनूरकडे जाणारी रेल्वे धावते. मुंबईहून निघालेली नेत्रावती दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच जाते. कुट्टिपुरम सुटलं की उजव्या हाताची खिडकी पकडायची. नदी म्हणून जे दिसतं ते बहुतेक वर्षभर गवत, वाळू आणि मधेच पाण्याच्या दोन-तीन वाटा. अज्ञात चमत्कार पोटात बाळगणाऱ्या महासागरांपेक्षा माझ्या ओळखीची निळा मला प्रिय आहे, असं एम.टीं.नी लिहिलं आहे. केरळात हे वाक्य शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पुढे ट्रकच्या ट्रक भरून त्याच नदीची वाळू उपसली गेली आणि त्याविरुद्धही ते लिहीत राहिले. गंमत म्हणजे पालक्काडच्या व्हिक्टोरिया कॉलेजात रसायनशास्त्र शिकत असताना मित्रांनी त्यांचा जो पहिला कथासंग्रह छापला, त्याच्या नावातच वाळू आहे: रक्ताने माखलेले वाळूचे कण. कॉलेजातल्या पोराने द्यावं असंच भडक नाव. पण वाळू तिथून सुरू झाली.

१९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने भरवलेल्या जागतिक कथास्पर्धेत मल्याळमचं पहिलं बक्षीस त्यांच्या कथेला मिळालं. कथेतली माणसं सर्कशीतली, नाव ‘पाळीव प्राणी’. इथे जरा मराठी फुशारकी मारून घेतो. केरळच्या सर्कशीचं मूळ आपल्याकडे आहे. सांगलीकडचे विष्णुपंत छत्रे आपली ग्रेट इंडियन सर्कस घेऊन तलश्शेरीला गेले आणि तिथल्या कीलेरी कुञ्ञिकण्णन या कसरतीच्या शिक्षकाला त्या खेळाने झपाटलं. पुढे भारतभरच्या सर्कशींना झुल्यावरची माणसं पुरवली ती तलश्शेरीने. टीचरांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग त्या कथेतल्या बायकांच्या हालांचा थोडा दोष तुमच्याकडेही जातो. फुशारकी तिथेच आटोपली.

पदवीनंतर थोडी मास्तरकी, थोडे खासगी क्लास, आणि मग मातृभूमी साप्ताहिकात उपसंपादकी. एम.टीं.च्या आयुष्यातला हा भाग लोक एका वाक्यात उरकतात. मला तो सगळ्यात मोठा वाटतो. १९६८ पासून ते त्या साप्ताहिकाचे संपादक. ओ. व्ही. विजयन यांची खसाक नावाच्या गावाची कादंबरी, जिने मल्याळम गद्याची चालच बदलली, ती त्याच वर्षी तिथे क्रमशः आली. त्यानंतरच्या पिढीतल्या कितीतरी कथाकारांचं पहिलं पाकीट याच माणसाच्या टेबलावर फुटलं. स्वतः अव्वल लिहिणाऱ्याने दिवसभर दुसऱ्याचं लिखाण वाचायचं, छापायचं आणि स्वतःचं लिखाण रात्रीवर टाकायचं. हीसुद्धा एक पाळीच.

‘नालुकेट्टु’ ही कादंबरी १९५८ ची. नालुकेट्टु म्हणजे मधे अंगण आणि चार बाजूंनी चार सोपे असलेलं जुनं नायर घर, आपल्या चौसोपी वाड्यासारखं. हे घर समजून घ्यायचं तर आधी डोक्यातलं नातेसंबंधांचं कपाट रिकामं करावं लागतं. नायर घराणी आईच्या वंशाने चालायची. मालमत्ता बाईकडून बाईकडे, कारभार मात्र तिच्या भावाच्या हातात, म्हणजे मुलांच्या मामाच्या. त्याला कारणवर म्हणायचे. बाप हा येऊन जाऊन असणारा माणूस. आपल्याकडे मामाचा गाव म्हणजे आंबे, विहीर आणि महिनाभर लाड. तिथे मामाच्या खडावांचा आवाज आला की पोरं खांबाआड. हा डोलारा कायद्याने पुरता मोडला तो १९७५ च्या एकत्र कुटुंबपद्धती रद्द करणाऱ्या कायद्याने, पण आतून तो कधीचाच पोखरला होता. पोखरलेल्या त्या घरात एम.टी. वाढले.

कादंबरीतल्या अप्पुण्णीच्या आईने मनाने लग्न केलं म्हणून तिला घराबाहेर काढलेलं असतं. बाप विषाने मेलेला. ज्याने विष घातलं असं गाव म्हणतं, तो सैतालिकुट्टी. पोर मोठं होत असतं ते याच दोन गोष्टींवर: एक दिवस त्या घरात मानाने शिरायचं आणि एक दिवस त्या माणसाला बघून घ्यायचं. पुढे वायनाडच्या चहाच्या मळ्यात त्याला नोकरी मिळते ती नेमकी त्या सैतालिकुट्टीच्या मदतीने. हे वाचताना मी पुस्तक मिटून ओसरीत दोन फेऱ्या मारल्या. सूडाची गोष्ट म्हणून वाचत आलो होतो आणि लेखकाने शत्रूच्या हातात जेवणाचं ताट दिलं होतं. शेवटी अप्पुण्णी पैसे कमावून येतो, ते घर विकत घेतो, आईला आत नेतो. आणि म्हणतो, हे पाडायला हवं. वारा-उजेड येईल असं छोटं घर पुरे आपल्याला.

एम.टीं.वर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की हा माणूस पडक्या नायर वाड्यांचे कढ काढतो. पुस्तकाचा शेवट न वाचलेले लोक असं म्हणतात, असं टीचरांचं मत. माझं मत थोडं वेगळं आहे. पाडायला हवं म्हणणारा माणूसही त्या घराचा दगड न् दगड इतक्या प्रेमाने मोजतो की आक्षेप पूर्ण खोटा म्हणवत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. त्यांचे नायक, विशेषतः तरुण, स्वतःच्या दुःखात इतके बुडालेले असतात की शेजारी बसलेली बाई त्यांना दिसत नाही. पण हा आक्षेप आधी त्यांनी स्वतःच घेऊन ठेवला आहे. ‘कालम’मध्ये सेतू सगळीकडून हरून परत येतो आणि सुमित्रा त्याला सांगते, सेतूला कायम एकाच माणसाबद्दल प्रेम होतं, सेतूबद्दल. या कादंबरीला १९७० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अख्ख्या कादंबरीभर आपण ज्या माणसाच्या डोक्यातून जग पाहिलं, त्याला दोन ओळींत बाहेर काढून दाखवायचं. ‘मंजु’ मात्र बाईच्या डोळ्यांनी लिहिली आहे. नैनितालची शिक्षिका विमला तळ्याकाठी एका माणसाची वाट बघते. तिथेच नाव वल्हवणारा एक पोरगा आपल्या गोऱ्या बापाची वाट बघत असतो. ‘वरुम’, येईल, न येऊन कसं चालेल, असं तो म्हणत राहतो. हे पुस्तक टीचरांना आपल्या वर्गातल्या मुलीइतकं जवळचं. त्या ते माझ्या हातात देत नसत, वाचून दाखवत.

आता लीलाची गोष्ट. मी स्वतः मल्याळममध्ये, अक्षर अक्षर लावत, पूर्ण वाचलेली ही पहिली कथा. आठ पानांना तीन आठवडे लागले असतील. सुरुवातीलाच सांगणारा बजावतो की लीला म्हटल्यावर तुमचा गैरसमज होईल, म्हणून आधीच सांगतो, ती माझी बहीण आहे. आणि हे माहीत असणारी माणसं जगात फार थोडी आहेत. एम.टीं.चे वडील सिलोनमध्ये नोकरीला होते. कथेतला बापही तिथलाच. एकदा सुट्टीवर येताना तो बरोबर एक मुलगी आणतो. तिला सिंहली सोडून भाषा येत नाही. घरात कुणी स्पष्ट काही बोलत नाही, पण स्वयंपाकघरात भांडी आदळायला लागतात, आईचं जेवण बंद होतं. धाकट्या मुलाला एवढंच कळतं की या मुलीमुळे काहीतरी झालंय, आणि तिच्याकडे एक रबरी घुबड आहे. थोड्याच दिवसांत बाप तिला परत घेऊन जातो. घुबड मुलाकडे राहतं. बस.

टीचरांनी मला एक गोष्ट दाखवली. कथेत कुणीही ‘ही माझी मुलगी आहे’ असं म्हणत नाही. हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडाशी येतं आणि परत जातं. पोर हातातल्या घुबडाकडे बघतं. पुढे कित्येक वर्षांनी एम.टीं.नी ‘कडुगण्णावा’ नावाची कथा लिहिली. एक पत्रकार म्हातारपणी श्रीलंकेला जातो आणि त्या मुलीचं गाव शोधत हिंडतो. पहिल्या कथेतल्या न बोललेल्या वाक्याने एका माणसाचं अख्खं आयुष्य खाल्लं, तेव्हा कुठे दुसरी कथा झाली. २०२४ मध्ये तिच्यावर एक छोटा चित्रपटही आला, मम्मुट्टी या नटाने काम केलेला. बरा आहे. पण पडद्यावरचं घुबड मला भलतंच नवं वाटलं.

सिनेमाकडे ते १९६५ ला वळले, ‘मुरप्पेण्णु’पासून. नंतर पन्नासहून अधिक पटकथा. पटकथेचे राष्ट्रीय पुरस्कारच चार. आपल्याकडे लेखक सिनेमात गेला की लोक हळहळतात. खांडेकरांनी ‘छाया’पासून मास्टर विनायकांसाठी किती लिहिलं, पण ज्ञानपीठ मिळालेल्या खांडेकरांबद्दल बोलताना ते प्रकरण आपण पाहुण्यांसमोर झाकून ठेवावं तसं ठेवतो. गदिमांच्या गीतांची पुस्तकं घरोघर, पटकथा किती जणांनी वाचल्या? शोरनूर स्टेशनच्या पुस्तकाच्या गाड्यावर मी पहिल्यांदा ‘तिरक्कथा’ नावाचा ढीग पाहिला. तिरक्कथा म्हणजे पडद्याची कथा, छापील पटकथा. कादंबऱ्यांच्या शेजारी, त्याच किमतीला. गाडीची वाट बघणारा एक हमाल त्यातलीच एक वाचत होता. पटकथेला असा वाचक मिळवून देणाऱ्यांत एम.टी. सगळ्यात पुढे.

मी तिथून विकत घेतलेली पटकथा होती ‘ओरु वडक्कन वीरगाथा’ची. उत्तर केरळच्या पोवाड्यांत चंदू नावाचा एक गद्दार आहे. मामेभाऊ आरोमल द्वंद्वाला उभा राहतो. चंदू त्याचा साथीदार. तलवारीच्या मुठीतला लोखंडी खिळा काढून त्याने तिथे लाकडी बसवला, म्हणून ऐन लढतीत तलवार मोडली आणि नंतर त्यानेच समईच्या दांड्याने जखमी भावाला भोसकलं, असं पोवाडा सांगतो. शतकानुशतकं आया पोरांना झोपवताना हे गात आल्या. एम.टीं.नी १९८९ साली पोवाड्यातल्या घटना जवळपास तशाच ठेवल्या आणि दिवा चंदूच्या बाजूला नेऊन धरला. खिळा बदलला खरा, पण कुणी? समईचा दांडा लागला खरा, पण कसा? मामाच्या घरात वाढलेला पोरका भाचा, प्रत्येक वेळी उपकाराखाली दबलेला, प्रत्येक वेळी दुसरा. आणि आता तो काही सांगायला गेला तर कोण ऐकणार, पोवाडा तर आधीच रचून झालाय. आपल्याकडे सूर्याजी पिसाळाची बाजू घेऊन असा चित्रपट काढायला कुणी धजलं असतं का, आणि काढला असता तर थिएटरच्या काचा शिल्लक राहिल्या असत्या का, याचा मी बरेचदा विचार करतो. केरळने तो डोक्यावर घेतला. मम्मुट्टीने तोंडात घोळवलेली त्यातली वाक्यं रिक्षावालेही म्हणून दाखवतात.

आणि ‘रण्डामूळम’. दुसरी पाळी कुणाची? भीमाची. धर्मराजानंतरचा, अर्जुनाआधीचा. पहिलेपणाचा मान नाही आणि लाडकेपणाही नाही. द्रौपदीकडे पाळी दुसरी. लढायला मात्र पहिला, ओझी उचलायला पहिला. मराठी वाचकाला महाभारत असं उलटंपालटं करून वाचायची सवय आहे. इरावतीबाईंनी ती लावली आणि शिवाजी सावंतांच्या कर्णाने तर घराघरात लावली. तो कर्ण मल्याळममध्येही खूप वाचला गेला, टीचरांच्या कपाटातही होता. पण सावंतांचा कर्ण सूर्यासारखा बोलतो. एम.टीं.चा भीम धापा टाकणाऱ्या माणसासारखा बोलतो. कादंबरी उघडते ती महाप्रस्थानात. द्रौपदी कोसळते. मागे वळून पाहायचं नाही असा नियम. बाकीचे चालत राहतात. भीम थांबतो. पुढचं सगळं पुस्तक त्या थांबण्यातून निघालेलं आहे.

१९७७ मध्ये एम.टी. मरणाच्या दारातून परत आले होते. राहिलेलं आयुष्य हे पुस्तक पुरं करायला मिळावं, असं त्यांना वाटत होतं, असं त्यांनीच लिहिलं आहे. व्यासांनी जिथे जिथे मौन ठेवलं तिथे तिथे आपण शिरलो, असंही. त्यातलं एक मौन असं: शेवटाकडे कुंती भीमाला सांगते की तुझा बाप वायुदेव वगैरे कुणी नव्हता, रानातला एक अनोळखी माणूस होता, वादळासारखा आला आणि गेला. आयुष्यभर वाऱ्याला बाप समजून आकाशाकडे पाहणारा माणूस. पुन्हा लीलाची गोष्ट. या वेळी घुबडसुद्धा हातात नाही.

ही कादंबरी ‘कलाकौमुदी’ साप्ताहिकात क्रमशः आली, नंबूदिरींच्या रेखाचित्रांसह. टीचरांचं ते बाड म्हणजे त्याच अंकांतली पानं, कापून, लावून, गोधडीच्या सुईने शिवलेली. पाठीमागे साबणाच्या आणि नारळाच्या तेलाच्या जाहिराती, एका पानावर कधीचा तरी हळदीचा अंगठा.

“अंक आला की आधी ते वाचायचे,” त्या म्हणाल्या. ते म्हणजे यजमान. “मग त्यांचे भाऊ. मग भांडी घासून झाली की मी. तोवर दोघांनी जेवताना सगळं सांगून टाकलेलं असायचं.” आणि मग बाडावर बोट ठेवून, “भीमाला मी म्हणायची, बाबा, तू तर दुसरा आहेस. माझी तिसरी.”

बाडात एक हप्ता नव्हता. द्यूताच्या आसपासचा कुठलातरी. शेजारीणबाईंनी वाचायला म्हणून नेला होता आणि परत दिला नव्हता. मी छापील पुस्तक घेऊन द्यायला निघालो तर टीचर रागावल्याच. पुस्तक त्यांच्याकडे होतंच. त्यांना तो अंक हवा होता, नंबूदिरींच्या चित्रासह, आणि ज्याच्या पाठीमागे त्यांनी धोब्याचा हिशेब लिहिला होता तो.

उरलेलं आयुष्य एम.टीं.ना मानाचं गेलं. १९९५ चं ज्ञानपीठ, २००५ ला पद्मभूषण. तिरूरला मल्याळमचे आद्यकवी मानले जाणारे तुंचन एळुत्तच्छन यांच्या स्मारकाचं काम त्यांनी कित्येक वर्षं पाहिलं. ‘वाराणसी’ ही २००२ ची कादंबरी मला काही भावली नाही, शिळ्या भातासारखी वाटली. चांगला असतो शिळा भात, पण कढीशिवाय उतरत नाही. ‘रण्डामूळम’वर मोठा चित्रपट होणार म्हणून वर्तमानपत्रांत हजार कोटींचे आकडे फिरले. पटकथा देऊन बरीच वर्षं झाली तरी काही हलेना, तेव्हा २०१८ मध्ये हा पंच्याऐंशीचा म्हातारा कोर्टात गेला आणि २०२० ला आपली वही परत घेऊन आला. मला ती बातमी वाचून फार बरं वाटलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये कोझिकोडच्या साहित्य महोत्सवात मुख्यमंत्री व्यासपीठावर असताना त्यांनी सत्तेबद्दल आणि व्यक्तिपूजेबद्दल सावकाश, कागदावरून वाचत, जे म्हणायचं ते म्हटलं. आयुष्यभर कमी बोलणारा माणूस बोलला की केवढा आवाज होतो, ते पुढचा महिनाभर केरळच्या चॅनेलांवर दिसलं.

२५ डिसेंबर २०२४ च्या रात्री ते कोझिकोडला गेले. एक्क्याण्णव वर्षांचे होते. आपलं पार्थिव सभागृहात वगैरे मांडू नका, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. घरीच ठेवलं, लोक घरीच आले. मी तेव्हा पुण्यात. मोबाइलवर रांग दिसत होती, नदीसारखी वळत गेलेली, आणि रांगेतला प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत गप्प.

दुसऱ्या दिवशी टीचरांना फोन केला. ऐकू कमी येतं आता. आधी वाटलं रडत असतील, पण त्या नातवाला ओरडत होत्या. वडील गेले तेव्हाचं, म्हणजे माझे वडील, त्यांनी आपणहून विचारलं. मग दोघांनाही काही सुचेना. मी म्हटलं, तो अंक मिळाला का शेवटी?

“शेजारीण मुलीकडे राहते, दुबईला,” टीचर म्हणाल्या. “येणार आहे म्हणे विषूच्या सणाला.”

“अंक आणेल?”

“वरुम,” त्या म्हणाल्या, आणि पलीकडे कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवायची घाई करू लागल्या.